उमाबाई, मोठ्यानं वाचा

मेढा, ९ फेब्रुवारी

यशराजच्या आबा,

पाया पडती. पन रागानं पडती, हे आधीच सांगून ठेवती.

काल आपल्या सुनंनं, अंकितानं, शेजारच्या सुलाबाईच्या फोनवर तुमचा फोटू धाडला. कधी नव्हं ते सून मनानं काय तरी करती म्हनून मी कौतुकानं चष्मा लावला. तर फोटूत तुमी यशराजच्या गॅलरीत खुर्चीवर बसलाय, अंगावर कुनाची तरी निळी शाल, भांग उलट्या अंगाला, आनि मिशी न्हाई! मी फोन उलटा करून बघितला, तिरका करून बघितला. सुलाबाई म्हनली, "मनुबाय, फोन फिरवून मिशी उगवती व्हय?"

आवं, मिशी कुनी काढली? पलटणीतल्या सायबानं सांगितलं तरी जिला कात्री लावू दिली न्हाईसा ती मिशी. आपल्यात मिशी कवा उतरवत्यात ते तुमाला काय सांगायचं? मामंजी गेलं तवा उतरवलीसा, आत्याबाई गेल्या तवा उतरवलीसा. आता कोन गेलं? मी तर हितं पाय पसरून बसलीया, प्लास्टर घालून.

अंकिताला इचारलं तर म्हनती, "दाढी उमाताईंनी केली." आता ह्या उमाताई कोन? तर म्हनं सांगलीत रिटायर मानसांचं एक मंडळ हाय. दवाखान्यातनं घरी आलेल्या म्हाताऱ्यांकडं जायचं, त्यास्नी चालवायचं, हात-पाय हालवून घ्यायचं, चार गोष्टी बोलायच्या, आनि पैसा घ्यायचा न्हाई. यशराज आनि अंकिता दोघं बी नोकरीवर जात्यात, म्हनून ही बाई लावून घितली. मास्तरीन हुती. नवरा न्हाई. सकाळी येती ती दुपार कलल्यावर जाती. दुसऱ्याच्या नवऱ्याची दाढी फुकटात करायची हौस असलेली बाई मी तरी पैल्यांदा ऐकली.

मला यायचं न्हाई असं न्हवं. लकवा मारला म्हनून तुमाला सांगलीला न्यायला जीपमधी घातलं, जीप हालली, आनि मी मागनं पळता पळता ओट्याच्या पायरीवरनं तोंडघशी पडली, ते तुमी मान वळवून बघितलंच. घोट्याचं हाड मोडलं. साताऱ्याला न्हिऊन प्लास्टर घातलं. यशराजचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट कवाची बंद. मला वर कोन चढवनार? फोन करावा तर पैल्याच बारीला घोटाळा. यशराजनं फोन तुमच्या कानाला लावला आनि मला म्हनला, "बोल, आई." माज्या तोंडातनं शब्द फुटला न्हाई, नुसता हंबरडा. माजं बघून सुलाबाईनं बी गळा काढला. तकडं तुमचं बीपी चढलं आनि डाक्टरनं फोनच बंद केला. म्हनून हे पत्र. तुमची उजवी बाजू गेली, जीभ अडकली, पन कान आनि डोकं शाबूत हाय म्हनत्यात. पलटणीत हुतासा तवा लिवत हुती, तशीच लिवती.

तवा माजं पत्र तुमी एकलं वाचत हुतासा. आता उमाबाई वाचून दाखवनार. बरं तर. उमाबाई, मोठ्यानं वाचा. त्यास्नी डाव्या कानानं कमी ऐकाय येतं, तोफंच्या आवाजानं. तुमाला हे ठावं नसंल. मला ठावं हाय.

मिशीला परत वस्तरा लागला तर माज्यासारखी वाईट कुनी न्हाई.

मनुबाई

मेढा, १५ फेब्रुवारी

यशराजच्या आबा,

उत्तर पोचलं. तुमच्या नावानं, पन उमाबाईच्या हातचं. अक्षर काय, समास काय, एक खाडाखोड न्हाई! सुलाबाईला दाखवलं तर म्हनली, "दुकानाच्या पाटीवानी हाय गं, जीवच न्हाई त्यात." मला लय बरं वाटलं.

तर उमाबाई लिवत्यात, "मिशी काढा असे नाथाजीरावांनीच खुणेने सांगितले. मी दोनदा विचारून मगच काढली." नाथाजीराव! लगीन झाल्यापासनं ज्ये नाव मी तोंडातनं काढलं न्हाई, ते ही बाई हाक मारायला वापरती. आनि तुमी मिशी काढा म्हनून खूना करता? मी नुसतं म्हनलं असतं, "वाईच बारीक करा," तर ताट भिरकावलं असतंसा.

म्होरं लिवत्यात, "स्वभावाने अतिशय शांत आहेत. सांगितलेले सगळे ऐकतात. लापशी न कुरकुरता खातात." शांत? तुमी? कालवनात मीठ कमी पडलं तर गोठ्यातल्या म्हशीला ऐकाय जाईल असं वरडनारं तुमी? आनि लापशी? माज्या लापशीला तुमी खळ म्हनत हुतासा. म्हनलासा, "पोस्टर चिकटवायला दे जा." आता तीच लापशी उमाबाईच्या हातनं गोड लागती व्हय?

आनि म्हनं तिच्या खांद्यावर हात ठिवून गॅलरीपतोर चालता. चाला बाबा, चाला. चालायलाच पायजे. पन माज्या खांद्यावर कवा हात ठिवलासा? मेढ्याच्या बाजाराला गेलो तर तुमी म्होरं आनि मी पिशव्या घिऊन मागं. एक बारी मागं वळून बघितलं न्हाईसा, मी हाय का गर्दीत गेली. मी जळती, आवं. लपवून काय करू? सुलाबाई भाकरी आनून देती ती बी म्हशीला घालती.

कालच्याला यशराजचा फोन आला. म्हनला, "आई, आबांना आता हिकडंच ठेवूया. तिकडं डोंगरात त्यांचा व्यायाम कोण घेणार? उमाताईंची सवय झालीय त्यांना." म्या इचारलं, "आनि मी?" तर म्हनला, "बघू, तुझा पाय बरा झाल्यावर." बघू! गाय इकायची का ठिवायची असं बोलतोय जनू.

म्हस याली. रेडी झाली. हे तुमाला सांगायचं न्हाई असं मी ठरवलं हुतं, कारन ज्याला घरी यायचं न्हाई त्याला कशाला सांगा. पन कपाळावर पांढरा टिळा हाय तिच्या.

तवा आता एकच सांगा. उमाबाई, त्यास्नी सरळ इचारा, मेढ्याला घरी यायचं का? मान वर-खाली केली तर व्हय, आडवी केली तर न्हाई. जे करतील ते मला कळवा. मधी तुमचं शहाणपन घालू नगा.

मनुबाई

मेढा, २२ फेब्रुवारी

उमाबाईस,

ह्या बारीला पत्र तुमास्नीच. त्यास्नी लिवून उपेग काय?

तुमी कळवलंत, "मी विचारले. त्यांनी मान हलवून नाही म्हटले आणि भिंतीकडे तोंड केले. मला वाईट वाटले, पण खरे कळवा असे तुम्हीच सांगितले होते." तुमाला वाईट वाटलं! तुमी कशाला वाईट वाटून घिताय? जिंकलंत न्हवं? पेढं वाटा.

मी त्ये पत्र वाचलं आनि पैल्यांदा सुलाबाईवर वरडली, मग म्हशीवर, मग साताऱ्याच्या डाक्टरवर, ज्यो हितं न्हवताच. मग रडली. सुलाबाई म्हनली, "अगं, मानूस आजारी हाय, त्याला काय कळतंय." तुमीच लिवलंय की त्यास्नी समदं कळतं. तारीख इचारली तर बोटं दावत्यात, यशराज यायची येळ झाली की दाराकडं बघत्यात. मग माजंच तेवढं कळंना व्हय?

ठिवून घ्या. पन ठिवून घिताय तर समजून घ्या काय ठिवून घिताय. चहा बशीतनं लागतो आनि बशी आधी गरम पान्यानं इसळावी लागती, न्हाईतर चहा गार झाला म्हनून ऱ्हातो तसाच. थंडीत गुडघ्याला करडीचं तेल लावायचं, खोबऱ्याचं न्हाई, त्याच्या वासानं शिंका येत्यात. बातम्या चालू असताना मधी बोलायचं न्हाई. घोरत्यात. आंघुळीचं पानी कढत पायजे, आनि कढत दिलं की "सोलून काढती का मला?" म्हनून वरडायचं. वरडलं की आपन गप बसायचं न्हाई. उलट दुप्पट वरडायचं. मी माहेरपनाला गेली की त्यास्नी भांडाय कुनी नसतं, मग जेवन जात न्हाई, असं आत्याबाईच, माज्या सासूबाई, सांगायच्या. गप बाईशी संसार करनं त्यास्नी जमायचं न्हाई. तुमी लय गोड बोलता असं अंकिता म्हनती. बघा, किती दीस पुरतंय ते.

तुमी मास्तरीन. शिकलेल्या. तुमच्याकडं त्यास्नी सांगायला कायबाय असंल. माज्याकडं काय हाय? म्हस, शेन, घेवड्याचं वावर, आनि आता मोडका पाय. पन त्यो मानूस पलटणीत हुता तवा हे घर मी धरून ठिवलंय, म्हाताऱ्या-म्हातारीचं हागनं-मुतनं काढलंय, यशराजला एकटीनं शाळंत घातलंय. तुमी नुसती दाढी केली आनि त्यास्नी तुमची सवय झाली. मला न्याय वाटत न्हाई ह्यो.

आनि एक खरं सांगा. मी लिवती ते समदं वाचून दाखवता का? का आपल्या सोयीचं तेवढंच? मला कायतरी गडबड वाटती. माज्या पत्राला त्यो मानूस गप ऱ्हातो, रागानं काठी आपटत न्हाई, असं व्हनारच न्हाई. खोटं लिवायचं असंल तर उत्तर धाडू नगा.

मनुबाई

मेढा, २८ फेब्रुवारी, दुपार

उमाबाईस,

तुमचं पत्र आत्ता पोचलं. मी तीनदा वाचलं.

तुमी खरं लिवलंत म्हनून मी बी नीट लिवती. तुमी लिवलंत, "तुमचा रागाचा मजकूर मी गाळत होते. मनाला त्रास होऊ देऊ नका असे डॉक्टरांनी बजावले होते. 'तुमच्यावाचून घर सुने वाटते, प्रकृतीस जपावे' असे माझ्या पदरचे घालून वाचत होते. क्षमा करा." त्येवर मला राग आला, लय आला. पन त्याच्या खालचं वाचलं आनि राग कुठल्या कुठं गेला.

तुमी लिवलंत, "जेवणाआधी ते डाव्या हाताने पहिला घास उचलून खिडकीत ठेवतात. कावळा येऊन नेईपर्यंत स्वतः जेवत नाहीत. एखाद्या दिवशी कावळा येत नाही, तेव्हा दूध तेवढे घेतात. तुमच्या घरची रोजची रीत असावी असे समजून मी अडवले नाही. डाव्या हाताला व्यायामही होतो. तुमचे पत्र ऐकताना डोळे पुसतात. मला वाटायचे, तुमची आठवण येते."

उमाबाई, आमच्या घरची असली रीत न्हाई. आमच्या घरी कावळ्याला गोफन असती. आत्याबाई गेल्यावर त्येंनी तेवढा रोज घास ठिवला हुता, वरीस सरंपतोर.

त्यो घास माजा हाय. त्यास्नी वाटतंय मी मेली.

मला आता समदं लख्ख दिसतंय. जीप हालली तवा मी पडलेली त्येंनी बघितली, उठलेली कुठं बघितली? मग फोन कानाला लावला तर ह्या घरातनं दोन बायांचं रडनं. त्यातलं एक माजं हुतं, पन रडताना कुनाचा आवाज वळखू येतो का? मग यशराज रोज म्हनतो, "आई बरी आहे, तुम्ही जेवा," आनि हे बोलताना बापाकडं बघत नसनार. ल्हानपनापासनं नजर चुकवूनच बोलतो त्यो. आपल्यात आजारी मानसाला मेलेल्याचं असंच सांगत्यात, बरी हाय म्हनून. त्यात तुमी माजं पत्र वाचलं, "प्रकृतीस जपावे." माज्या बापजन्मात मी असलं लिवलं न्हाई! पलटणीतल्या पत्रात सुद्धा मी "पैसं येळंवर धाडा आनि दारू प्यालासा तर बघा" असंच लिवायची. त्यास्नी वाटलं असंल, पोरानं कुनाकडनं तरी खोटी पत्रं लिवून घितली. मिशी तर पत्राच्या आधीच उतरवली हुती. म्हनून मान आडवी केली. घरी कशाला यायचं, मोकळ्या भिंती बघायला?

आनि मी हितं बसून तुमच्या नावानं बोटं मोडत हुती.

तुमच्या यजमानांचं बी वाचलं. दवाखान्यातनं घरी आनल्यावर त्यास्नी कसं उठवायचं, कसं भरवायचं हे तुमाला दावाय कुनी न्हवतं, आनि ते पंधरा दिसांत गेलं. म्हनून तुमी हे काम करता. मला हे आधी कळायला पायजे हुतं. पन खरं सांगू? एवढं कळून बी माजं जळायचं थांबलं न्हाई. उलट वाढलंय. का ते सांगती.

लगीन झाल्यापासनं त्यो मानूस माज्याम्होरं एक बारी रडला न्हाई. आई-बाप गेलं तवा गोठ्यात जाऊन रडला, मला येऊ दिलं न्हाई. मला लय बारी वाटायचं, मी गेली तर ह्यो रडंल का? का सुलाबाईला म्हनंल, "भाकरी कोन करनार आता?" तर ते रडलं. माज्यासाठी रडलं, मिशी उतरवली, उपाशी ऱ्हायलं. आनि हे समदं बघितलं कुनी? तुमी. माज्या वाटनीचं रडनं तुमी बघितलं, उमाबाई. ते मला कसं मिळनार आता?

म्हनून एक इनंती हाय. मी गुरवारी येती. सुलाबाईचा भाचा जीप काढनार हाय. तवर त्यास्नी काय सांगू नगा. मी दारात उभी ऱ्हाईन, तवा त्यांचं तोंड मला बघायचंय. चार दिसांचा तर सवाल हाय. एवढं माज्यासाठी करा.

मनुबाई

त्याच दिवशी, सांजच्याला

उमाबाई,

वरचा कागूद पाकिटात घालून मी सुलाबाईला दिला, तर ती तिथंच बसली. म्हनली, "मनुबाय, आज कावळा आला असंल का गं?"

तिनं परत इचारलं, "आनि उद्या न्हाई आला तर?"

मी पाकीट परत घितलं. त्यो आजारी मानूस माजा घास खिडकीत ठिवून कावळ्याची वाट बघत बसनार, आनि मी जित्ती असून हितं त्यांचं तोंड बघायच्या हौसंपायी गप बसनार? एवढी मी वाईट न्हाई. वाईट हाय, पन एवढी न्हाई.

सुलाबाई म्हनती, फोन लाव. फोन मी लावनार न्हाई. आवाज ऐकला की मी परत रडनार, आनि माज्या रडन्यानंच हे समदं झालंय. तवा ह्या दोन्ही कागदांचा फोटू आत्ताच अंकिताच्या फोनवर धाडती. यशराजला म्हनावं, गाडी घिऊन जा आनि उमाताईंना घिऊन ये. यशराजनं वाचायचं न्हाई, त्याला माज्यासारखं वरडाय येत न्हाई. तुमी मास्तरीन, वर्गावर वरडलाच असाल. खाली लिवलंय ते त्यांच्या उजव्या कानाशी बसून वाचा. एक अक्षर गाळू नगा. गोड तर अजिबात करू नगा.

आवं!

ऐकताय का? मी मेली न्हाई. तुमाला सोडून मराय मला काय येड लागलंय व्हय? घोटा मोडला हुता, घोटा! घोटा मोडल्यानं कुनी मरतं का? पलटणीत एवढी वर्सं काढलीसा, जखमी आनि मेला ह्यातला फरक कळंना? एक बाई पायरीवरनं काय पडली, लगेच मिशी उतरवून मोकळं! कुनाला इचारलंसा? बोलाय येत न्हाई तर बोट दावून इचारायचं हुतं, खडूनं भिंतीवर लिवायचं हुतं. ते न्हाई, मुकाट्यानं कावळं जेवाय घालत बसलासा. माज्या नावानं भात घालता, आनि जितेपनी कधी एक ताट वाढून दिलंसा का मला?

त्यो कावळा हाकला आधी. आनि लापशी न कुरकुरता खाता म्हनं. खबरदार. माजी खळ आनि तिची लापशी? घरी या, बघती.

गुरवारी मी येती. तीन मजलं मी बसून बसून चढीन, एकेक पायरी, उलटी. येळ लागंल. तुमी गॅलरीपतोर चालता न्हवं, मग तितनं दारापतोर बी चाला. काठी घ्या, भिंत धरा, उमाबाईचा खांदा धरलासा तरी ह्या बारीला मी काय म्हननार न्हाई. पन दार तुमीच उघडायचं, डाव्या हातानं. दुसऱ्या कुनी कडीला हात लावायचा न्हाई.

आनि आता रडताय ते थांबवा. वाईच माज्यासाठी शिल्लक ठिवा.

तुमची जित्ती बायकू,
मनुबाई